पिवळा, निळा आणि आजींचा वाडा

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला, तेव्हा पेढे घरी पोहोचण्याआधीच धाकट्या काकांचा फोन आला. आमच्या घराण्यात कोणी काही शिकू लागले, की त्या विद्येचा व्यावहारिक उपयोग काय, हे काका ठरवतात. "आपले ते दोन गुंठे येलोत आहेत की ग्रीनमध्ये, तेवढं बघून सांग," असे ते म्हणाले. अजून वर्ग सुरू व्हायचे आहेत, असे मी नम्रपणे कळवल्यावर त्यांनी मोठ्या मनाने मला सोमवारपर्यंतची मुदत दिली. येलो म्हणजे निवासी आणि ग्रीन म्हणजे शेतीचा, या दोन रंगांवर आपल्याकडे किती लग्ने जुळतात आणि किती भाऊबंदक्या पेटतात, याचा अभ्यासक्रमात कोठेही उल्लेख नव्हता.

रंगांचे मात्र वर्गातही भारी प्रस्थ होते. जमीनवापराच्या नकाशात निवासी जागा पिवळी, व्यापारी निळी, औद्योगिक जांभळी, सार्वजनिक व निमसार्वजनिक लाल, बागा-मैदाने हिरवी, हे पहिल्याच आठवड्यात पाठ झाले आणि दुसऱ्या आठवड्यात आमची रवानगी कसबा पेठेत झाली. बरोबर एक सहाध्यायिनी, गल्लीचा नकाशा आणि रंगीत पेन्सिलींचा डबा. पहिली चार घरे आम्ही झरझर पिवळी केली. पाचवा वाडा लागला आणि आमचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले.

वाड्याच्या दर्शनी भागात बांगड्यांचे दुकान होते, त्याला लागून पिठाची गिरणी, दिंडी दरवाजातून आत गेल्यावर चौकात शेजारपाजारचेही दर्शनाला येतील असा मारुती, मागच्या खोलीत विद्यार्थ्यांचे डबे भरले जात होते आणि माडीवर मालकीणबाई, म्हणजे आजी, स्वतः राहत होत्या. दुकानापुरता आमचा वाद नव्हता. गिरणीपाशी मात्र आम्ही अडलो. मोटर आहे, पट्टा आहे, कानठळ्या बसतील असा आवाज आहे, तेव्हा हा उद्योगच, म्हणून जांभळा, असे माझे म्हणणे. दळणाच्या दरांची पाटी लावली आहे, गिऱ्हाईक रांगेत उभे आहे, तेव्हा निळा, असे सहाध्यायिनीचे. भुवयांपर्यंत पिठाने माखलेले गिरणीवाले काही वेळ हे शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पांढरा लिहा आणि बाजूला व्हा, दळण खोळंबलंय."

आजींनी आम्हाला महापालिकेची माणसे समजून घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी आणली. आम्ही विद्यार्थी आहोत हे कळल्यावर पिशवी आत गेली आणि चहा बाहेर आला. "मग आमचा रंग कोणता रे बाळा?" पिवळा, निळा, कदाचित जांभळा, देवळापुरता लाल, असे मी चाचरत सांगितले. "अगं बाई, एवढ्या रंगात तर माझी दिवाळीची रांगोळी होते," असे म्हणून त्यांनी लाडूची ताटली पुढे सरकवली. आमच्या सरांनी मात्र त्या साऱ्या संसाराला 'मिश्र वापर' असे नाव देऊन तिरप्या रेघा मारायला लावल्या. लाडूची नोंद करायला रकानाच नव्हता.

त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस वाचनात आले. मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला हा स्कॉटिश गृहस्थ १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि नकाशा काढण्यापूर्वी शहर पायी हिंडून पाहा, असा त्याचा आग्रह असे. होळकरांच्या इंदुरात प्लेगची दहशत असताना हा एका दिवसापुरता राजा झाला आणि जो भाग सर्वांत स्वच्छ असेल तेथून दिवाळीची मिरवणूक जाईल, असे त्याने जाहीर केले. लोकांनी गल्ल्या लख्ख केल्या. आमच्या गळ्यात नुसते ओळखपत्र होते, आणि ते पाहून लोक आपापला ड्रेनेजचा चेंबर दाखवायला नेत.

कायद्याच्या तोंडी परीक्षेत मात्र मला काका पावले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातील कलम १२७ काय सांगते, असा प्रश्न आला आणि माझ्या तोंडून थेट काकांचा आवाज निघाला: आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत सार्वजनिक कामासाठी आरक्षित केलेली जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. "संपतं म्हणजे संपतं!" हे शेवटचे वाक्यही त्यांचेच होते, आणि मेजावर हात आपटण्याची लकबही. परीक्षक दचकले, पण गुण चांगले पडले.

शेवटच्या सत्रात वाहनगणना होती. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक वाहनाचा वाहतुकीवर पडणारा भार मोटारीच्या मापात दिलेला आहे. मोटार एक धरली, तर हातगाडी दोन, आणि रस्त्यावर हातगाड्यांचे प्रमाण बरेच असेल तर तीन. सकाळी आठपासून चौकात उभा राहून मी रेघा ओढत होतो, तेव्हा केळीवाले मामा कुतूहलाने कागदात डोकावले. सरकारी हिशेबात त्यांची गाडी तीन मोटारींच्या बरोबरीची ठरू शकते, हे मी त्यांना आदराने सांगितले. त्यांनी एकवार माझ्याकडे, एकवार समोर लावलेल्या मोटारींच्या रांगेकडे पाहिले.

"मग यातल्या तीन हलवा की," ते म्हणाले, "मला गाडी लावायचीय."