अननस आणि दोन स्टार

परवा इन्स्पेक्शनला आलेल्या कर्नलसाहेबांच्या डोळ्यांदेखत आमच्या कॅडेट्सनी गेटवरच्या वॉचमनमामांना कडक सॅल्यूट ठोकला, आणि मला ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण कसं ओळखलं ते पुढे सांगतो, आठवलं की अजून कान गरम होतात.

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि वर एनसीसी बघतो. ज्युनियर डिव्हिजन, आठवी-नववीची पोरं. त्यांना रँक ओळखायला शिकवणं हे माझं काम, आणि साधन म्हणून माझ्याकडे एक तक्ता आहे. हा तक्ता माझ्या आधीच्या सरांच्याही आधीचा असावा. त्यात सेकंड लेफ्टनंट अजून नोकरीत आहे. खालचा कोपरा कसरीने खाल्लाय त्यामुळे फील्ड मार्शल अर्धाच उरलाय, आणि अशोकस्तंभाचे सिंह उडून उडून असे झालेत की पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, "सर, मेजरच्या खांद्यावर अननस का असतो?"

झालं. त्या दिवसापासून आमच्या युनिटमध्ये सिंह नाहीच. अननस म्हणजे मेजर, अननस आणि एक स्टार लेफ्टनंट कर्नल, अननस आणि दोन स्टार कर्नल, अननस आणि तीन स्टार ब्रिगेडियर. मी सारनाथ सांगितलं, चार सिंह असतात पण समोरून तीनच दिसतात हे सांगितलं, आधी त्या जागी ब्रिटिशांचा मुकुट होता आणि प्रजासत्ताक झाल्यावर तो जाऊन अशोकाचे सिंह आले हेही सांगितलं, इतिहासाच्या बाई काय सांगतील इतकं सांगितलं. पोरांनी माना डोलावल्या आणि वहीत अननस काढला. पानांसकट.

आता पोरांना तरी किती दोष द्यायचा. मराठी पोराला रँक शिकवायची म्हणजे आधी त्याच्या डोक्यातलं सगळं पुसायला लागतं. हवालदार म्हटलं की त्याला चौकात शिट्टी वाजवणारा दिसतो. मी सांगतो, बाबा रे हा आर्मीचा हवालदार, बाहीवर तीन फिती, तो तुला एका हाताने उचलेल. सुभेदार म्हटलं की तानाजी. नाईक म्हटलं की वर्गातला नाईक उभाच राहतो, आणि दोन फिती म्हणजे नाईक हे कळल्यापासून त्याने दप्तरावर पेनाने दोन व्ही काढलेत. एक फीत म्हणजे लान्स नाईक, तर ते पद त्याने परस्पर पाचवीतल्या धाकट्या भावाला देऊन टाकलंय.

मग हिशोब. लेफ्टनंटला दोन स्टार, कॅप्टनला तीन, आणि त्याच्यावरच्या मेजरला एकही नाही. "सर, मेजरचे काढून का घेतले?" काढून नाही घेतले रे, त्याला सिंह दिला. "मग एकवाला कोण?" एकवाला सेकंड लेफ्टनंट, ती रँक आता नाही. "मग ते कुठे गेले?" या प्रश्नाला मी पाणी प्यायला गेलो. नायब सुभेदारालाही एक स्टार असतो पण त्याला खाली लाल-पिवळी पट्टी असते, सुभेदाराला पट्टीसकट दोन, आणि सुभेदार मेजरला पट्टीसकट सिंह. म्हणजे पट्टी दिसली नाही की सुभेदार मेजरचा थेट मेजर होतो. म्हणून मी एकच घोकून घेतलं, खांदा बघा, स्टार मोजा, पट्टी आहे का बघा, मग तोंड उघडा.

मेजर हा लेफ्टनंटच्या वर, पण लेफ्टनंट जनरल मात्र मेजर जनरलच्या वर. हे ज्या कुणी ठरवलं त्याला एकदा नववी ब च्या पुढे उभा करायला पाहिजे. कारण आहे तसं, मेजर जनरल हा मूळचा सार्जंट मेजर जनरल, पुढचा सार्जंट कधीतरी गळाला, पण हे नववी ब ला सांगून बघा तुम्ही. आणि ब्रिगेडियरच्या खांद्यावर तीन स्टार, कॉलरवरच्या लाल पट्टीवर आणि गाडीच्या पाटीवर मात्र एकच. बरं, गोंधळ कमी होता म्हणून की काय, ऑगस्ट 2023 पासून रेजिमेंट कुठलीही असो, ब्रिगेडियर आणि वरच्या सगळ्यांचा युनिफॉर्म सारखा केला, टोपी, रँकचे बिल्ले, बक्कल, बूट सगळं. चांगलंच केलं. फक्त माझ्या तक्त्याला कुणी कळवलं नाही.

तर परवा. गेटपासून ग्राउंडपर्यंत दोन्ही बाजूंनी पोरं उभी. गाडी थांबली, कर्नलसाहेब उतरले, मागे सुभेदार मेजरसाहेब. आणि त्यांच्या पुढे, कुणी सांगितलं नसताना, वाट दाखवायला आमचे वॉचमनमामा. हातात दंडुका, खांद्यावर दोरी, दोरीला शिट्टी, आणि खांद्यावर स्टार. डावीकडच्या रांगेच्या लीडर मुलीने खांदा बघितला, स्टार मोजले, पट्टी नाही हे बघितलं आणि असा खणखणीत सॅल्यूट दिला की तीन महिन्यांत माझ्यासमोर एकदाही दिला नव्हता. मामांनी तो घेतला. दंडुका बगलेत धरून.

कर्नलसाहेब थांबले. म्हणाले, "कौन हैं ये?"

"कॅप्टनसाब, सर!"

"कैसे पहचाना?"

"तीन स्टार, पट्टी नहीं, सर!"

उत्तर शंभर टक्के बरोबर. तेवढ्यात समोरच्या रांगेतून नाईक ओरडला, "नो सर! लेफ्टनंट! दो स्टार!" कारण मामांच्या उजव्या खांद्यावरचा एक स्टार पडलेला आहे. म्हणजे माणूस डावीकडून कॅप्टन आणि उजवीकडून लेफ्टनंट. दोन्ही पोरांनी मी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं होतं, त्यामुळे ओरडायचं कुणाला हेही कळेना.

मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी पूर्ण युनिफॉर्ममध्ये, टोपीवर लाल हॅकल म्हणजे पिसांचा तुरा, छातीवर नावाची पट्टी, बूट असे की आरशाची गरज नाही. "और ये?"

"भूगोलके सर, सर!"

सुभेदार मेजरसाहेबांना अचानक खोकला आला. तो बराच वेळ चालला.

इन्स्पेक्शन संपल्यावर मी तडक गेटवर गेलो. म्हटलं, मामा, हे स्टार कुणी दिले?

"कुणी नाय सर. ड्रेस कंपनीचा, स्टार माझे."

"तुमचे म्हणजे?"

"पाकीट येतं ना. सहाचं. तीन हिकडं, तीन तिकडं. दोन-दोन लावले असते तर दोन वाया गेले असते."

म्हणजे भारतीय सेनेत कॅप्टन व्हायला माणूस वर्षं घालवतो, आणि इथे पाकीट सहाचं होतं म्हणून झाला. मी म्हटलं, मग पडलेला कुठंय?

"टाकीवर चढलो व्हतो, तिथं पडला असंल."

"मग या बाजूचाही एक काढा की. निदान दोन्हीकडून लेफ्टनंट तरी दिसाल."

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच कुणाची पेन्शन बंद केली. "सर, माझी काय चूक नसताना डिमोशन कशाला?"

मी मग कायदा काढला. म्हटलं, खासगी सुरक्षेचा 2005 चा कायदा आहे, आर्मी-पोलिसांसारखा ड्रेस किंवा त्यांची खूण गार्डने लावायची नाही, एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"2005 ला मी हितं नव्हतो सर."

यावर काय बोलणार. मी वळलो तर मागून म्हणतात, "सर, तुमचं ते छातीवर काय लिवलंय, पोरं म्हणत होती थर्ड ऑफिसर का काय. म्हणजे वरून थर्ड का खालून?"

मी म्हटलं, रँकच आहे ती. सेकंड ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर, चीफ ऑफिसर अशा पुढच्या असतात.

"म्हंजे खालून. किती वर्सं झाली?"

"चार."

"चार वर्सांत थर्डच?" त्यांना खरंच वाईट वाटलं. खुर्ची पुढे केली. "आमच्याकडं सहा महिन्यांत सुपरवायझर करतात. बघू का शब्द टाकून?"

कामठीला ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत जाऊन ट्रेनिंग घेतलंय मी. पहाटे उठून पळलोय. शाळा सुटल्यावर बाकीचे सर घरी जातात तेव्हा मी ग्राउंडवर "दहिने देख" ओरडत असतो आणि तरी माझी दहावीच्या पेपर तपासणीतून सुटका होत नाही. नवा तक्ता मागितला तर ऑफिसातून विचारणा झाली की जुन्याला काय झालं. मी म्हटलं अननस झालाय. त्यांनी अर्जावर "कारण स्पष्ट करावे" असा शेरा मारून परत पाठवला. तो अजून टेबलाच्या खणात आहे.

पोरांना झापायला घेतलं तर ती लीडर मुलगी म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणाला होतात, माणूस बघायचा नाही, खांदा बघायचा." म्हणालो होतो. वहीत तारखेसकट आहे.

काल सकाळी बघितलं तर मामांच्या उजव्या खांद्यावरही तीन झालेत. टाकीवर सापडला की नवीन पाकीट फोडलं, विचारायचं धाडस झालं नाही. पोरं गेटमधून आत येताना एकेक टाच आपटून सॅल्यूट देत होती आणि मामा खुर्चीतून न उठता, चहाचा कप डाव्या हातात घेऊन, उजव्याने घेत होते. त्यांच्या मागोमाग मी शिरलो. नाईक वळला, तोंडभर हसला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग सर, आज नकाशा आणायचा होता का?"