वहीतल्या आठ ओळी
२^६७ − १ (म्हणजे ६७ वेळा २ घेऊन केलेला गुणाकार, त्यातून १ वजा) ही मूळ संख्या नाही, हे अमेरिकी गणिती कोल यांनी १९०३ मध्ये शोधलं असं एका लेखात आलंय. थोडी दुरुस्ती सुचवतो. ती मूळ नाही हे फ्रेंच गणिती ल्यूका यांनी १८७६ मध्येच सिद्ध केलं होतं, पण अवयव एकही न सांगता! मला तर हीच गोष्ट जास्त विलक्षण वाटते. संख्या फुटते हे पक्कं ठाऊक, कुठे फुटते ते सत्तावीस वर्षं कुणालाच माहीत नाही.

कोल यांनी अवयव दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. काल रात्री वही घेऊन हा गुणाकार हाताने केला. शून्याची ओळ सोडून आठ ओळी, दोनदा हातचा चुकला, शेवटी १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ अगदी बरोबर आलं. फार आनंद झाला.

अजून एक, त्या लेखात हवं होतं असं. या संख्येच्या कुठल्याही अवयवातून १ वजा केला की १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, निःशेष भाग जातो. पहिल्यावर करून बघा, १४४५५८० येतं. या चाळणीमुळे शोध बराच आटोपशीर होतो, तरीही कोल यांचे कित्येक रविवार त्यात गेले.