मीटिंग कुणाच्या घड्याळाला बांधलीय, ते आधी विचारा

नोव्हेंबर उजाडला की पुण्यातल्या आयटी टीम्सच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो: "सोमवारपासून कॉल एक तास उशिरा." सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. भारताचं घड्याळ जागचं हललेलं नसतं. हलतं न्यूयॉर्कचं (उन्हाळ्यासाठी एक तास पुढे नेलेलं घड्याळ तिकडे नोव्हेंबरमध्ये मागे येतं), आणि जेवणाचं ताट सरकतं ते पुण्यातलं. याला निसर्गनियम समजू नका. कॅलेंडरमधल्या एका खान्याचा हा प्रताप आहे.

दर आठवड्याला येणाऱ्या मीटिंगमध्ये वेळेबरोबर टाइम झोनही साठवलेला असतो. मुद्दाम बदलला नाही, तर बहुतेक वेळा तो मीटिंग बनवणाऱ्याचा असतो. 'सकाळी ११, न्यूयॉर्क' अशी साठवलेली मीटिंग पुण्यात उन्हाळ्यात रात्री ८:३० ला येते आणि हिवाळ्यात ९:३० ला. तीच 'रात्री ८:३०, कोलकाता' अशी साठवली, तर पुणं जागेवर राहतं आणि न्यूयॉर्कला ती उन्हाळ्यात ११ ला, हिवाळ्यात १० ला दिसते. दोन्ही वेळा त्यांच्या ऑफिसच्या ऐन मध्यात! (गूगलच्या यादीत भारताचा झोन कोलकाता नावाने असतो, तिथे मुंबई शोधत बसू नका.) गूगल कॅलेंडरमध्ये वेळेच्या शेजारी 'टाइम झोन' असतं, आउटलुकमध्ये त्याचं वेगळं बटण आहे. मीटिंग बनवतानाच ते बघायचं.

माझं मत सरळ आहे. ज्याची वेळ दिवसाच्या काठावर आहे, त्याच्या घड्याळाला मीटिंग बांधावी. ज्याच्याकडे ऐसपैस जागा आहे, त्याने तासभर सरकावं. "क्लायंट पैसे मोजतो" हे उत्तर मला पटत नाही. १० आणि ११ मध्ये त्याचं काहीच जात नाही, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. उलट लंडनबरोबर सकाळी १० चा कॉल असेल, तर पुण्यात तो उन्हाळ्यात २:३० ला आणि हिवाळ्यात ३:३० ला पडतो. तिथे हट्ट कशाला? लंडनचं घड्याळ राहू द्या.

कॅलिफोर्नियाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. पुण्याचे रात्रीचे ८:३० म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे ८ आणि हिवाळ्यात ७. दोघेही काठावर. इथे पाळी लावणं हाच न्याय: एक महिना पुण्याची रात्र, एक महिना त्यांची संध्याकाळ. पुण्याचे सकाळचे ८ म्हणजे त्यांचे आदल्या दिवशीचे ७:३०, हिवाळ्यात ६:३०. यात वाराचा खड्डा आहे. त्यांचा शुक्रवार संध्याकाळ म्हणजे आपला शनिवार, त्यामुळे असा कॉल त्यांच्या सोमवार ते गुरुवारच ठेवायचा.

खरी गंमत मार्चमध्ये होते. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटन आणि युरोपची शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि २९ मार्च. समजा तुमचे रोज दोन कॉल आहेत: लंडनचा त्यांच्या दुपारी १ ला आणि न्यूयॉर्कचा त्यांच्या सकाळी ९ ला. हिवाळाभर पुण्यात ते ६:३० आणि ७:३० ला सुखाने नांदतात. ९ मार्चला न्यूयॉर्कचा कॉल ६:३० वर येऊन लंडनच्या उरावर बसतो. तीन आठवडे हाच गोंधळ. ३० मार्चपासून लंडन ५:३० ला सरकतं आणि पुन्हा शांतता. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात याचीच छोटी आवृत्ती: ब्रिटन २५ ऑक्टोबरला मागे, अमेरिका १ नोव्हेंबरला. या चार तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच टीमच्या कॅलेंडरवर टाका. अमेरिकेतल्या फिनिक्सची आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची घड्याळं भारतासारखी वर्षभर स्थिर असतात. सिडनीचं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं, म्हणजे अमेरिकेच्या बरोबर उलट. पुणे, सिडनी आणि कॅलिफोर्निया तिघांच्याही ऑफिसच्या तासांत बसणारी वेळ शोधू नका, ती नाही. दोन कॉल करा किंवा रेकॉर्डिंग पाठवा.

आता टाइम झोनची लघुरूपं. आयएसटी म्हणजे भारत, आयर्लंड की इस्रायल? सीएसटी म्हणजे शिकागो की चीन? जुलैमध्ये 'ईएसटी' (न्यूयॉर्कची हिवाळी वेळ) लिहिणाऱ्याला ईडीटी (तिथली उन्हाळी वेळ) म्हणायचं असतं. वाचणारा शब्दशः घेऊन हिशोब करतो आणि एक तास चुकतो. शहराचं नाव लिहा, आणि वारासकट: "गुरुवार ५ नोव्हेंबर, पुणे रात्री ८:३०, न्यूयॉर्क सकाळी १०." 'शुक्रवारी रात्री १२' तर कधीच लिहू नका, गुरुवारची रात्र की शुक्रवारची यावर भांडणं होतात. वेळच रात्री ११:३० ची ठरवा.

तोंडी हिशोबासाठी एक सोपी रीत. पुण्याची वेळ घ्या, सकाळची रात्र किंवा रात्रीची सकाळ करा. न्यूयॉर्कसाठी उन्हाळ्यात अडीच तास मिळवा, हिवाळ्यात दीड. शिकागोला दीड आणि अर्धा. कॅलिफोर्नियाला मिळवायचं नाही, वजा करायचं: उन्हाळ्यात अर्धा, हिवाळ्यात दीड. 'उन्हाळा' म्हणजे अर्थात तिकडच्या घड्याळाचा, मार्च ते नोव्हेंबर. आपल्या वैशाखाशी त्याचा संबंध नाही.

घरच्या कॉलचंही हेच. गणपती नेहमी अमेरिकेच्या उन्हाळी वेळेतच येतात, त्यामुळे पुण्यातली रात्री ८ ची आरती न्यू जर्सीत दरवर्षी सकाळी १०:३० ला दिसणार. दिवाळीचं तसं नाही. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, तेव्हा संध्याकाळी ७ चं लक्ष्मीपूजन तिकडे ९:३० ला दिसलं. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, घड्याळं मागे गेल्यावर. तेच ७ म्हणजे तिकडचे ८:३०, तेही रविवारी. लेकाला आणि सूनबाईंना आधी कळवून ठेवा, नाहीतर झोपलेली असतील.