गाजर गवत, मीठ आणि व्हिनेगर : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा सुरू झाला की बागकामाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘गाजर गवत पांढऱ्या फुलांवरून ओळखा. व्हिनेगरमध्ये वाटीभर मीठ आणि थोडा भांड्यांचा साबण घालून फवारा. वाळले की हातानेच उपटून जाळा. शेवटी ते गवतच आहे, घाबरू नका. पुन्हा कधी उगवणार नाही.’ यातले एखादेच वाक्य धडपणे टिकते.

फुलांवरून ओळखण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण उशिराचा आहे. बी रुजल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात या झाडाला फुले येतात आणि एक वाढलेले झाड १५,००० ते २५,००० बिया टाकू शकते. म्हणजे चांदण्यांसारखी फुले दिसेपर्यंत वाट पाहणाऱ्याने पुढच्या हंगामाची पेरणी स्वतःच करून ठेवलेली असते. ओळख पटायला हवी ती त्याआधी, कोवळी पाने जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली असताना. याच अवस्थेत ते फसवते. माझ्याकडे शेवंतीच्या कुंडीत महिनाभर मोठ्या निगुतीने पाणी घातले जात होते ते गाजर गवतालाच. शेवंतीचे पान जाडसर आणि कमी कापलेले असते. याचे पान पातळ, फिकट हिरवे, खोलवर विभागलेले आणि बारीक लव असलेले, आणि पुढे वर येणाऱ्या खोडावर उभे कंगोरे स्पष्ट दिसतात. गाजराशी त्याचे नाते पानाच्या आकारापुरतेच आहे, आणि गवत तर ते मुळीच नाही. शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल यांच्याच कुळातले ते आहे.

‘हातानेच उपटा’ हा संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच्या वारंवार संपर्काने त्वचेला वावडे निर्माण होऊ शकते. हे वावडे बहुधा पहिल्याच दिवशी दिसत नाही, म्हणूनच ‘मी इतकी वर्षे उपटतो, मला काही झाले नाही’ हा अनुभव पुरावा ठरत नाही. शरीराने एकदा ते धरले की पुढे थोडासा संपर्कही पुरतो आणि त्रास वर्षानुवर्षे मागे लागू शकतो. झाडाचे वाळलेले कण हवेतून उडत असल्यामुळे पापण्या, मान आणि कोपराचा खळगा अशा ठिकाणीही खाज व चट्टे येतात. परागामुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो तो वेगळाच. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडा-नाकावर मास्क एवढे हवेच. हातमोजे नसतील तर जाड प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी, आणि काम संपल्यावर अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

फवारणीबद्दल थोडा न्याय करायला हवा. १५ ते २० टक्के मिठाच्या द्रावणाची शिफारस तणशास्त्रज्ञ करतात, पण ती रस्त्याकडेच्या व पडीक जागेसाठी. बागेत तेच मीठ मातीत साचते आणि तण मेल्यावरही गुलाबाच्या मुळाशी उरते. घरगुती व्हिनेगर कोवळी पाने करपवते, मोठे झाड मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते. साबणामुळे द्रावण पानाला चिकटते, एवढेच. बागेपुरता उपाय याहून सोपा आहे : चांगला पाऊस पडून माती भिजली की फुलण्यापूर्वीच झाड मुळासकट उपटावे. विळ्याने वरून कापणे म्हणजे त्याची छाटणी करून देणे.

वाळवून जाळण्यात दुहेरी तोटा आहे. वाळलेले झाड हाताळतानाच त्याचा भुगा अंगावर उडतो, आणि मातीत पडलेले बी शाबूत राहते. फुले न आलेल्या झाडांचे शेण व माती यांच्या थरांत खड्ड्यात चांगले खत होते, कारण नीट कुजताना पार्थेनिन विघटित होते. फुले आलेली झाडे मात्र घरच्या ढिगात घालू नयेत. तो ढीग बी मारण्याइतका तापत नाही. ती जागेवरच पिशवीत भरून तोंड बांधावे आणि मगच हलवावीत.

राहिला ‘पुन्हा कधी उगवणार नाही’ हा दावा. पुण्यात १९५५-५६च्या सुमारास नोंदले गेलेले हे झाड आज देशभर पसरले आहे, ते मातीत काही वर्षे जिवंत राहणाऱ्या बियांच्या बळावर. त्यामुळे एका उपटणीने काम संपत नाही. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागेवर नजर टाकावी लागते. मोकळी जमीन त्याला फार आवडते, म्हणून तिथे टाकळा किंवा झेंडू दाट लावावा. गाजर गवताच्या पानांवर भोके आणि मळकट पांढऱ्या अंगावर तपकिरी रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले, तर ते मेक्सिकोतून मुद्दाम आणून १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलेल्या, हेच तण खाणाऱ्या मित्रकिडीचे वंशज आहेत. ते सगळे तण संपवत नाहीत, पण त्यांच्यावर कीटकनाशक मारणे हा शुद्ध करंटेपणा आहे.