गाठ सुईने जाळता येते, पण कोणती?

‘स्तनातली कोणतीही गाठ सुईच्या उष्णतेने २० मिनिटांत जळते. ऑपरेशन, किमो, रेडिएशन काही नको. बायोप्सी तर मुळीच करू नका, सुई लागली की कॅन्सर पसरतो. डॉक्टर पैशासाठी हे लपवतात.’ हा मेसेज ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चारदा येऊन गेला. तो वाचून ऐरोलीच्या माझ्या जाऊबाईंनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, पुढे ढकलली, म्हणून हे लिहायला बसले.

गाठ उष्णतेने जाळता येते, हे खरं आहे. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन म्हणतात त्याला. सोनोग्राफीत बघत बघत सुईसारखा इलेक्ट्रोड गाठीत नेतात आणि त्यातून वीजप्रवाह सोडतात. आतलं तापमान ६० अंशांच्या वर गेलं की पेशी मरतात. कातडी भाजू नये म्हणून गाठीच्या वर ग्लुकोजचं पाणी टोचतात, बाहेरून बर्फ ठेवतात. जपानमध्ये डिसेंबर २०२३ पासून हा उपचार सरकारी आरोग्यविम्यात बसतो. म्हणजे कोणी काही लपवलेलं नाही.

पण ‘कोणतीही गाठ’ हे साफ खोटं. जपानची अट अशी: गाठ एकच हवी, दीड सेंटिमीटरपर्यंतच हवी आणि आजार काखेत पोचलेला नको. जाऊबाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट मी हातात घेऊन वाचला. २८ बाय २१ मिलिमीटर, शिवाय काखेतही एक संशयास्पद गाठ. मुलाच्या कंपासमधली पट्टी काढून त्यांना दीड सेंटिमीटर किती ते दाखवलं, मग अठ्ठावीस मिलिमीटर दाखवले. त्या बराच वेळ पट्टीकडे बघत राहिल्या.

सगळ्यात घातक वाक्य बायोप्सीचं. बायोप्सीमुळे कॅन्सर अंगभर पसरतो, ही भीती आपल्याकडे घराघरात आहे आणि तिला आधार नाही. उलट गाठ जाळायची असेल तर बायोप्सी जास्तच गरजेची. ऑपरेशनमध्ये गाठ काढून तपासता तरी येते. जाळलेली गाठ आतच राहते. तिच्या कडांना कॅन्सरच्या पेशी उरल्या नाहीत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सोय उरत नाही. त्यामुळे गाठ कॅन्सरची आहे का, हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का, हर टू (HER2) पॉझिटिव्ह, म्हणजे त्या नावाचं प्रथिन जास्त असलेली आहे का, हे सगळं जाळण्याआधीच्या बायोप्सीतूनच कळायला हवं. ज्या उपचाराचं हा मेसेज कौतुक करतो, तो बायोप्सीशिवाय सुरूच होत नाही.

रेडिएशनचंही तसंच. जपानमध्ये गाठ जाळल्यावरही स्तनाला रेडिएशन देतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले: फक्त गाठ काढलेल्या ३९ टक्के बायकांच्या त्याच स्तनात कॅन्सर परतला, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं. किमो लागेल की नाही, हे गाठीचा स्वभाव आणि पसारा बघून ठरतं. गाठ कापली की जाळली, यावरून नाही.

मेसेजखाली कोणीतरी ‘घरी गरम पिशवीने शेक द्या’ असंही जोडलं होतं. शेकाने ६० अंश आत पोचत नाहीत. त्याआधी कातडी भाजते.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, आणि टाटाचं केंद्र खारघरला आहे. जाऊबाईंची बायोप्सी आता गुरुवारी आहे. मी सोबत जाणार आहे.