फ्रँचायझीवर लगाम कोणाचा?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला आणि ऐन रात्री डीपी उडाली की आमच्या जळगावात कुणीतरी हमखास म्हणतंच, "देऊन टाका एकदाचं खाजगीला!" केळीच्या गाड्या भरणारा एक ओळखीचा तर सरळ म्हणतो, "आपल्याले लाईट पाह्यजे, मंग कंपनी कोनतीबी ऱ्हावो."

त्याचं चुकत नाही. पण हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय राव! नोव्हेंबर २०११ मध्ये जळगावचं वीज वितरण क्रॉम्प्टन ग्रीव्हज या खाजगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून, म्हणजे सरकारी महावितरणच्या वतीने वीज पुरवून बिल वसूल करायला, गेलं आणि २०१५ मध्ये, कराराची मुदत संपायच्या कितीतरी आधी, महावितरणकडे परत आलं. औरंगाबादला जीटीएल २०११ मध्ये आली, २०१४ मध्ये गेली. नागपूरचं २०१९ मध्ये आटोपलं. भिवंडीत मात्र टोरंट २००७ पासून टिकून आहे, आणि धुळ्याहून हायवेला लागलं की तासाभरात येणाऱ्या मालेगावातही २०२० पासून खाजगी कंपनीच आहे. म्हणजे खाजगी आलं की सोनं होतं असंही नाही आणि वाटोळंच होतं असंही नाही. सरकारी कारभाराचे गोडवे तर मी मुळीच गाणार नाही. वायरमनचा फोन लागत नाही तेव्हा काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे: अशा फ्रँचायझी कंपनीला जाब कोण विचारणार?

आधी धंदा समजून घ्या. फ्रँचायझी वीजदर ठरवत नाही. तुमच्या बिलावरचा स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे सगळं राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. वीज शुल्क सरकारचं. कंपनी महावितरणकडून ठरलेल्या दराने वीज घेते आणि आयोगाच्या दराने बिल करून आपल्याकडून वसूल करते. टेंडरमध्ये जो महावितरणला युनिटमागे जास्त द्यायला तयार, त्याला शहर. आता नुसता हिशेबासाठी आकडा धरा: १०० युनिट ४ रुपयांनी घेतले, म्हणजे ४०० रुपये गेले. त्यातल्या ६० युनिटचंच ७ रुपयांनी बिल झालं तर आले ४२०. पगार, ट्रान्सफॉर्मर, केबल सगळं त्या २० रुपयांत. तेच ८० युनिटचं बिल झालं तर ५६०. सगळा नफा गळती, म्हणजे वाटेत वाया किंवा चोरीला जाणारी वीज, कमी करण्यात आणि थकबाकी उचलण्यात आहे.

गळती कमी करायचे रस्ते दोन. एक महागाचा: उघड्या तारा काढून केबल टाका, जुने मीटर बदला, जास्तीचे ट्रान्सफॉर्मर बसवा. दुसरा स्वस्तातला: पथकं फिरवा आणि जरा संशय आला की मोठं बिल हातात ठेवा. तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांची कीव मला येत नाही, त्यांच्यामुळे प्रामाणिक माणूस भरडला जातो. पण टेंडरमध्ये चढा दर बोलून बसलेल्या कंपनीला कोणता रस्ता आधी सुचेल?

इथेच कायद्याची गंमत आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १४ नुसार फ्रँचायझीला आयोगाचा वेगळा परवाना लागत नाही. वितरणाची जबाबदारी परवानाधारकाची, म्हणजे महावितरणचीच राहते. कागदावर छान! प्रत्यक्षात आयोगाचा चाबूक महावितरणवर, आणि महावितरणने कंपनीला धरायचं ते फक्त करारातून. त्या करारात सही दोघांची. आपण त्यात कुठेच नाही.

तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. नवीन कनेक्शन अडलं, रीडिंग चुकलं तर तिथे दाद मागता येते. पण कलम १२६ खाली अनधिकृत वापराचं (मंजुरीपेक्षा जास्त किंवा वेगळ्या कामाला वीज वापरल्याचं) बिल आलं, किंवा कलम १३५ खाली चोरीचा ठपका ठेवला, तर मंचाचं दार बंद. १२६ मध्ये आकारणी दुप्पट दराने, आणि वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. अपील करायचं तर आधी निम्मी रक्कम भरा! चटईच्या लघुउद्योगवाल्याने किंवा पापड-मसाल्याच्या गिरणीवाल्या बाईने ती कुठून आणायची? थोडक्यात, कंपनीला कमाईचा सगळ्यात मोठा मोह जिथे, तिथेच ग्राहकाला स्वस्तात दाद नाही.

आणि हो, १२६ ची आकारणी करणारा अधिकारी राज्य सरकारने नेमलेला, सरकारचा, वीज मंडळाचा किंवा परवानाधारकाचा असावा असं कलमातच आहे. फ्रँचायझी परवानाधारक नाही. त्यामुळे बिलाखाली सही कोणाची, हुद्दा काय, हे आधी बघा. आपण रक्कम बघूनच घाबरतो आणि सहीकडे बघतच नाही.

उद्या पुन्हा खान्देशातल्या कुठल्या शहराचं टेंडर निघालं तर मी विरोधाचा झेंडा घेऊन उभा राहणार नाही. पण टेंडर उघडण्याआधी कराराचा मसुदा मराठीत लोकांपुढे यावा, दरवर्षी किती खर्च कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) करणार ते त्यात लिहिलेलं असावं, आणि आयोगाने कंपनीलाच समोर बसवून इथे, जळगावात किंवा धुळ्यात, जाहीर सुनावणी घ्यावी. दरवाढीच्या सुनावणीला आपल्याला नाशिक गाठावं लागतं, मग जातं कोण? मोठ्या उद्योगांचे सल्लागार जातात, फाईल घेऊन. भुसावळच्या दीपनगरला कोळशाचा धूर आपण सोसायचा आणि विजेबद्दल बोलायला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं, हे काही पटत नाही बुवा.