ओरिजिनल तात्या

काल संध्याकाळी लिफ्टमधे आम्ही सात जण कोंबलेले, एकाच्या हातात मेथीची जुडी, एकाचा ओला रेनकोट माझ्या कोपराला चिकटलेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मागून मोठ्याने विचारलं, "काय गं, डुप्लिकेट कसा आहे?"

सगळी लिफ्ट माझ्याकडे बघायला लागली. मी "बराय काका" म्हणून दात दाखवले आणि घरी येऊन तासभर चरफडत बसले. डुप्लिकेट म्हणजे आमचा बोका, तात्या. म्हणजे तात्या डुप्लिकेट नाहीये, हेच तर सांगतेय.

झालं असं की गेल्या सोमवारी तात्या सकाळपासून लिटरच्या, म्हणजे त्याच्या शी-शूसाठी रेती भरलेल्या ट्रेमधे जाऊन नुसता बसत होता, कण्हत होता आणि ट्रे कोरडाच्या कोरडा. आई म्हणाली बद्धकोष्ठ झालं असेल, चमचाभर एरंडेल दे. नशीब मी आधी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आहात तशा निघा. बोक्यांची मूत्रनळी पुढे अगदी बारीक होत जाते, त्यात खड्यांची बारीक रेती नि चिकट बुळबुळीत काहीतरी अडकलं की लघवी बंद, आणि दोन दिवस काढले तर रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढतं की हृदयच बंद पडायचं. मग कॅथेटर, सलाईन, तीन रात्री ऍडमिट, आणि बिल अडतीस हजार चारशे. मी मुलुंड ईस्टहून रोज दोनदा रिक्षा. मीटर आता पडायच्या आधीच 26 रुपये दाखवतं.

ऑफिसमधे मी काहीही खोटं बोलले नाही हे आधी नमूद करते. बॉसला फक्त मेसेज टाकला, "तात्यांना लघवी अडकलीये, कॅथेटर लावलाय, तीन दिवस येऊ शकणार नाही." आदरार्थी अनेकवचन जरा सवयीने गेलं. त्यांचा लगेच फोन, बिचारे म्हणाले या वयात प्रोस्टेटचं होतंच, आमच्या सासऱ्यांचं पण झालं, काळजी घ्या, ऑफिसचं टेन्शन घेऊ नका. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की भेटायला कधी येऊ, म्हणून सांगावं लागलं. त्या तीन दिवसांची आता लीव्ह विदाउट पे झालीये. सासऱ्यांचा अर्धा तास ऐकलेला इतिहास मात्र परत घेता येत नाही.

असो. तर गुरुवारी तात्या घरी आला आणि संध्याकाळी काका "पेशंटला बघायला" आले. हातात मारी बिस्किटांचा अर्धा पुडा. काका विमा कंपनीत चौतीस वर्षं क्लेम्स डिपार्टमेंटला होते, त्यामुळे जगात जे घडतं ते बोगस आहे असं धरूनच ते सुरुवात करतात. तात्या सोफ्याखाली, गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा, पुढच्या पायावर सुईसाठी भादरलेला गुलाबी चौकोन. काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बराच वेळ बघितलं, आणि खुर्चीत बसून म्हणाले,

"ऍडमिट केलंस तेव्हा वजन किती होतं?"

"पाच किलो चारशे."

"आणि डिस्चार्जला?"

"चार नऊशे."

"अर्धा किलो शॉर्ट."

"काका, तीन दिवस जेवला नाहीये तो."

"मी काही म्हणत नाहीये. नोंद करतोय." बिस्कीट चहात बुडवलं. "हाक मार बघू."

मी हाक मारली. तात्याने भिंतीकडे तोंड केलं.

"बघ."

"तो आधीपण बघायचा नाही!"

"त्याला पुरावा काय?"

इतक्यात तात्या ओरडला आणि आवाज निघाला गणपतीत दहा दिवस आरत्या केल्यावर निघतो तसा, घोगरा, अर्धा. काकांनी नुसत्या भुवया वर केल्या. मी म्हटलं हॉस्पिटलमधे ओरडून ओरडून बसलाय. ते म्हणाले, "असेल."

आणि मग ठकी आली. ठकी ही आमची मांजर, तात्याच्या अंगावर पाय टाकून झोपणारी, त्याचे कान चाटून चाटून ओले करणारी. ती सोफ्यापाशी गेली, वास घेतला, तोंड अर्धवट उघडं ठेवून दोन सेकंद तशीच थांबली आणि फिस्स करून तात्याच्या भोंग्यावर सण्णकन फटका.

काकांनी कप खाली ठेवला. "घरच्या बाईने ओळखलं नाही. आता काय राहिलं?"

आता हे मला माहीत होतं, मी व्यवस्थित समजावलं. मांजरं आपलं कोण, परकं कोण हे चेहऱ्यापेक्षा वासावर ठरवतात, एकमेकांना गाल घासून घासून सगळ्या घराचा मिळून एक वास करतात, आणि हा तीन दिवस स्पिरीट, रबरी हातमोजे नि शेजारच्या पिंजऱ्यातल्या लॅब्रॅडॉरच्या वासात मुरून आलाय, ठकीला वाटतंय दवाखानाच चालत घरात शिरला. थोडे दिवस वेगळं ठेवायचं, हिचा टॉवेल त्याला आणि त्याचा हिला, दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या ताटल्या, हळूहळू होतं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"म्हणजे हॉस्पिटलनेच."

यावर काय बोलणार? मी गप्प. काकांनी माझ्या गप्प बसण्याचीही नोंद केली.

"अगं, केशरी बोके मुंबईत पैशाला पासरी. अदलाबदल व्हायला किती वेळ लागतो? आयडेंटिफिकेशन मार्क आहे का काही?"

आणि इथे मी मूर्खपणा केला. मी म्हटलं, हो, खालच्या ओठावर दोन काळे तीळ आहेत. आईने तात्याला धरला, काकांनी मोबाईलचा टॉर्च मारला. तीळ तीन निघाले.

केशरी मांजरांना ओठावर, नाकावर असे ठिपके येतात आणि वयाबरोबर वाढत जातात, काळजीचं काही नसतं. हे मी सांगितलंसुद्धा. पण मधली शांतता फार वाईट होती, आणि आई, माझी सख्खी आई, म्हणाली, "मला पण रिक्षातून उतरवतानाच वाटलं होतं हो."

काकांची मग कळीच खुलली. म्हणाले आमच्या वेळी जनावर आजारी पडलं की परळ, बैलघोडा हॉस्पिटल, विषय संपला. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, पण ते नाव घेऊन पत्ता विचारलास तर अर्ध्या परळला कळायचं नाही. तुला माहितीये का, मुंबईत 1874 साली ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढायची, विजेची आली ती 1907 ला, शहर चालायचंच बैल आणि घोड्यांच्या जिवावर, म्हणून दवाखानाही त्यांच्या नावाने. शेजारीच व्हेटर्नरी कॉलेज, 1886 चं. "आणि सांगतो तुला, तिथून कोणी घोडा घेऊन गेला आणि घरी जाऊन बैल निघाला असं कधी झालं नाही." मग स्वतः आणलेल्या पुड्यातली उरलेली चार बिस्किटं संपवून, "केस स्ट्रॉंग आहे, बघ काय करायचं ते" म्हणून गेले.

कबूल करायला लाज वाटते, पण त्या रात्री दोन वाजता मी फोनमधे तात्याचे जुने फोटो झूम करत बसले होते. कारण प्राणी खरंच वेगळा वागत होता हो. आमचा तात्या उचलून घेतलं की करवतीसारखा व्हायचा, हा आईच्या पायाशी मुटकुळं करून झोपतो. आमचा तात्या पाण्याकडे बघायचा नाही, हा देवापुढच्या तांब्यात तोंड घालतो, म्हणजे भोंग्यासकट घालायचा प्रयत्न करतो आणि तांब्या पडतो. बॅगेची चेन ओढली तरी वॉशिंग मशीनच्या मागे. ताण कमी करायची गोळी दिली की शनिवारी रात्री बारमधून सुटल्यासारखा मागचे पाय भलतीकडे टाकत चालतो. ट्रेकडे तर असा बघतो जसं काही सगळं दुखणं त्या ट्रेनेच केलं, आणि डॉक्टर म्हणाले मांजराच्या लेखी ते तसंच असतं. आत गेलाच तर चार थेंब. पहिल्या काही दिवसांत परत अडकू शकतं म्हणून मी रात्री तीनला टॉर्च घेऊन ट्रेच्या रेतीत लघवीने झालेले गोळे मोजतेय, वहीत लिहितेय, लिंबाएवढा, सुपारीएवढा. एम.कॉम. केलंय मी.

आणि माझ्याकडे तो ढुंकून बघत नाही. ज्याने सुया टोचल्या ते डॉक्टर लांब राहिले, पिंजऱ्यात कोंबून नेणारी मी, घरी आणून जबडा उघडून गोळी ढकलणारी मी, म्हणजे गुन्हेगार मीच. अंगठ्याला दोन भोकं आहेत. त्याच्यासाठी मलाही इंजेक्शन घ्यावं लागलं, ते कोणाच्या नोंदीत नाही. वर जो भेटेल तो विचारतो, बिल किती झालं? सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "रस्त्यावरचंच ना ते?" हो, रस्त्यावरचंच. मग? नव्वद हजारांचा फोन घेता तेव्हा मी कधी विचारलंय का की जुना फोन लागत नव्हता का तुम्हाला? डॉक्टर म्हणाले होते उशीर झाला असता तर जगला नसता, हे मी लोकांना सांगायचं सोडलंय, कारण त्यावर लोक "हं" म्हणतात आणि मला त्या "हं"चा फार राग येतो.

तर आज सकाळी. आईने कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं आणि तात्या भोंग्यासकट सटकला. मी तशीच गाऊनवर, एका पायात स्लीपर, जिन्याने खाली. एक मजला उतरून बघते तर तात्या काकांच्या दारात, नवीन पायपुसण्याच्या डाव्या कोपऱ्यात बसलेला. आणि धार. थेंब नाही, धार, न तुटता. मी जिन्यात हात जोडून उभी राहिले, डोळ्यांत पाणी, मनात वहीतली नोंद, नारळाएवढा.

पेपर घ्यायला म्हणून काकांनी दार उघडलं. तात्याकडे बघितलं, पायपुसण्याकडे बघितलं, माझ्या एका स्लीपरकडे बघितलं. काही न बोलता आत गेले आणि फाईल घेऊन आले. एप्रिलमधे त्यांनी सोसायटीला दिलेल्या लेखी तक्रारीची झेरॉक्स.

"'सदर बोक्याने माझ्या दारातील पायपुसण्याच्या डाव्या कोपऱ्यात लघवी केली,'" त्यांनी चष्मा लावून वाचलं. परत कोपरा बघितला. "जागा तीच. पद्धत तीच." मग फाईल बंद केली. "ओरिजिनल आहे."

मला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच चीड आली.

"पायपुसणं परवाच घेतलं होतं," काका म्हणाले. "तीनशे वीस."

"क्लेम टाका काका," मी म्हटलं. "चौकशी करून बघते."

तात्या तोपर्यंत त्यांच्या पायाशी गेला होता आणि भोंग्याची कड त्यांच्या नडगीवर करकरत गाल घासायचा प्रयत्न करत होता. मला आठ दिवसांत एकदाही नाही.